परत आलेली सन्मानचिन्हं



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर मोठ्या नम्रपणे विचारलं, ‘कॅनडाच्या पुरस्कारांपेक्षा ग्रॅमीवर बोललात तर? तिथे आपले झाकीर हुसेन होते.’ होतेच. २०२४ साली त्यांनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतले आणि त्यावर आपल्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. पण ग्रॅमी हा जेत्यांचा समारंभ आहे. अमेरिकेचं गाणं जगभर वाजतंच, ग्रॅमीने त्यावर फक्त शिक्का मारायचा. कॅनडाचे जुनो पुरस्कार वेगळ्या गरजेतून आले. शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ इतका मोठ्याने चालू आहे की आपल्याच माजघरात कोण गातंय ते कळत नाही, अशी ज्या देशाची अवस्था होती, त्याने हा समारंभ काढला. म्हणून मला तो ग्रॅमीपेक्षा मोलाचा वाटतो.

या समारंभाच्या इतिहासात पुरस्कार घेणाऱ्यांची यादी लांबलचक आहे. एकट्या गायिका अ‍ॅन मरी यांच्याकडेच निदान चोवीस जुनो आहेत. पण मला रस आहे तो पुरस्कार परत करणाऱ्यांत, नाकारणाऱ्यांत, आणि अगदी अलीकडे ज्यांच्याकडून तो काढून घेण्यात आला त्यांच्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा समारंभ घडवला तो या लोकांनी. ज्यांनी हसतमुखाने हात पुढे केला त्यांच्यामुळे समारंभ चालू राहिला, एवढंच.

आधी थोडा भूगोल. कॅनडा नकाशावर अवाढव्य दिसतो, पण त्याची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सरहद्दीला लागून असलेल्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. रेडिओच्या लहरींना पासपोर्ट लागत नाही. १९६० च्या दशकात टोरंटोतल्या किंवा विंडसरमधल्या मुलाला अमेरिकन स्टेशनं घरबसल्या ऐकू यायची आणि कॅनडाची स्टेशनंही अमेरिकेची यादी समोर ठेवूनच तबकड्या लावायची. देशी गायक लावणं म्हणजे श्रोते घालवणं, असा सरसकट समज होता. किती सरसकट, त्याचा एक नमुना सांगतो. १९६५ साली विनिपेगच्या एका पोरांच्या बँडने ‘शेकिन ऑल ओव्हर’ हे इंग्लंडमधलं गाणं नव्याने मुद्रित केलं. कंपनीने तबकडीवर बँडचं नावच छापलं नाही. त्या जागी छापलं ‘गेस हू?’, म्हणजे ओळखा पाहू कोण. हेतू असा की निवेदकांना वाटावं, हा ब्रिटनमधला एखादा बडा बँड असणार, आणि त्यांनी गाणं लावावं. त्यांनी लावलं. गाणं गाजलं आणि बँडला तेच नाव कायमचं चिकटलं. पाच वर्षांनी याच ‘गेस हू’चं ‘अमेरिकन वुमन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्या देशात आपलं गाणं ऐकवायचं तर आधी आपण परदेशी असल्याचा भास निर्माण करायचा, हे त्या काळचं व्यवहारज्ञान होतं.

टोरंटोच्या वॉल्ट ग्रीलिस यांना हे व्यवहारज्ञान खुपत होतं. हा गृहस्थ आधी पोलिसात होता, मग तबकड्यांच्या धंद्यात आला. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्याने ‘आरपीएम’ नावाचं एक साप्ताहिक सुरू केलं. मिनिटाला तबकडीचे फेरे किती, तेही याच अक्षरांनी मोजतात. हे काही रसिकांसाठीचं नियतकालिक नव्हतं. रेडिओवाले, तबकड्या विकणारे, कंपन्यांचे प्रतिनिधी यांच्यासाठीचं ते व्यापारी पत्रक होतं. कोणती तबकडी कुठे लागते आहे, कोणती खपते आहे, याची यादी दर आठवड्याला. त्याच वर्षाच्या अखेरीला ग्रीलिसने वाचकांकडून मतं मागवली, देशातले सगळ्यात चांगले गायक-वादक कोण, आणि निकाल अंकात छापले. ना मंच, ना हार. सहा वर्षं हे असंच चाललं. मग २३ फेब्रुवारी १९७० रोजी ग्रीलिस आणि त्याचा मित्र, निर्माता स्टॅन क्लीस, यांनी टोरंटोच्या सेंट लॉरेन्स हॉलमध्ये पहिला प्रत्यक्ष समारंभ केला. सुमारे अडीचशे माणसं होती. सन्मानचिन्ह क्लीसने स्वतः आखलं होतं, अक्रोडाच्या लाकडाचं, उंच, मेट्रोनोमच्या आकाराचं. मेट्रोनोम म्हणजे वादकाला लय धरून देणारं ते टकटक यंत्र. आपल्याकडे तबल्याचा ठेका हे काम करतो आणि तो बिचारा कधी बक्षीस म्हणून कुणाच्या कपाटात जात नाही.

नाव मात्र अजून ‘जुनो’ नव्हतं. ते आलं एका सरकारी अधिकाऱ्यावरून. कॅनडात नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर देखरेख करणारा आयोग १९६८ मध्ये नव्याने स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते पिएर जुनो, क्वेबेकचे. या जुनोंनी नियम आणला की १८ जानेवारी १९७१ पासून एएम रेडिओवर वाजणाऱ्या संगीतातलं निदान ३० टक्के कॅनडाचं असलंच पाहिजे. स्टेशनमालकांनी बोंब मारली. गाणारे खूश झाले. ‘आरपीएम’च्या वाचकांनी पुरस्कारांना जुनोंचं नाव सुचवलं, त्याचं स्पेलिंग जरा आटोपशीर केलं, रोमन देवतांच्या राणीचं नावही तेच निघालं, आणि काम झालं. त्याच वर्षी समारंभात ‘संगीत उद्योगातला वर्षाचा माणूस’ हा मान कुणाला मिळाला असेल? पिएर जुनो यांनाच. नियामकाच्या नावाचा पुरस्कार, आणि त्यातलाच एक नियामकाच्या हातात! आपल्याकडच्या एखाद्या साखर संघाने सहकार आयुक्तांच्या नावाने पदक काढून ते त्यांनाच अर्पण करावं, तसा हा प्रकार. हसू येतं खरं, पण इतका उघड होता म्हणून निरागसही वाटतो.

आता कळीचा प्रश्न. तीस टक्के कॅनडाचं, म्हणजे नेमकं काय? गाणं कॅनडाचं केव्हा ठरतं? इथे पुन्हा स्टॅन क्लीस पुढे आला. त्याने चार कसोट्या मांडल्या. संगीतकार कॅनडाचा आहे का, कलाकार कॅनडाचा आहे का, मुद्रण कॅनडात झालं आहे का, शब्द कॅनडाच्या माणसाचे आहेत का. चारांपैकी दोन जमल्या की गाणं कॅनडाचं. चार इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘मेपल’ हा उच्चार होतो, आणि मेपलचं पान तर त्यांच्या ध्वजावर. तबकडीवर एक छोटं वर्तुळ छापायचे, त्याचे चार भाग, जी कसोटी पूर्ण झाली ती अक्षरं ठळक. निवेदकाला ते वर्तुळ पाहिलं की हिशेब कळायचा. गाणं चांगलं आहे की वाईट याच्याशी त्या वर्तुळाला कर्तव्य नव्हतं, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. चांगलं-वाईट सरकारने ठरवायला घेतलं की काय होतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

तो अनुभव एका मराठी माणसाच्या नावावर जमा आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. हिंदी चित्रपटगीतं सवंग आणि पाश्चात्त्य वळणाची होत चालली आहेत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्या कारकिर्दीत ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरात पोचली ती या पोकळीतून. अखेर १९५७ मध्ये विविधभारती काढून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांची टिंगल करणं सोपं आहे, आणि पुष्कळांनी ती केली. पण त्याच वर्षांत, १९५५ च्या रामनवमीपासून, पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायण सुरू झालं, हेही विसरू नये. माडगूळकर आणि फडके दोघंही चित्रपटातले मुरलेले. त्यांच्याकडून वर्षभर बिगरचित्रपट गाणी करवून घेण्याची हौस आणि निकड आकाशवाणीला होती. तेव्हा रेडिओवर जागा राखून ठेवण्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. केसकरांनी काय ऐकायचं नाही ते सांगितलं. जुनोंनी सत्तर टक्के जागा जशीच्या तशी ठेवली आणि उरलेल्या तिसाचा हिशेब मागितला. शिवाय जुनोंच्या मागे सहा वर्षं दर आठवड्याला मोजदाद करणारा ग्रीलिस होता. केसकरांकडे अशी मोजदाद नव्हती, होती ती अभिरुची.

अर्थात तीस टक्के म्हटल्याने स्वर्ग उतरला नाही. स्टेशनांनी पळवाटा काढल्या. देशी गाणी रात्री उशिरा किंवा पहाटे, कुणी ऐकत नसताना, एकगठ्ठा वाजवून टाकायची. अशा वेळांना लोक ‘बीव्हर अवर’ म्हणू लागले, त्या देशाच्या राष्ट्रीय प्राण्यावरून. दिवसा जी लागायची त्यांत तीच तीच नावं फिरायची, अ‍ॅन मरी, गॉर्डन लाइटफूट, पुन्हा अ‍ॅन मरी. विंडसरच्या सीकेएलडब्ल्यू या स्टेशनची तर पंचाईतच झाली. पन्नास हजार वॉटचं हे केंद्र बसलं होतं कॅनडात आणि त्याचे श्रोते होते नदीपलीकडच्या डेट्रॉइटमध्ये. कोणती तबकडी लावायची हे ठरवणाऱ्या रोझाली ट्रॉम्ब्ली यांच्या दारात अमेरिकन कंपन्यांची माणसं ताटकळायची, इतकं त्यांच्या निवडीचं वजन होतं. आता त्या बाईंना अमेरिकन श्रोत्यांसाठी कॅनडाची तीस टक्के गाणी शोधावी लागली. स्टेशनची भरभराट पुढे टिकली नाही आणि त्याचं खापर अनेकांनी या नियमावर फोडलं. एफएम येत होतं, तेही कारण होतंच. पण नियमाची किंमत कुणीतरी मोजली, हे मान्य केलं पाहिजे.

१९७५ मध्ये समारंभ सीबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या दूरचित्रवाणीवर आला. पुरस्कार चालवायला स्वतंत्र अकादमी झाली. झगमगाट आला, आणि तीनच वर्षांत पहिली सन्मानचिन्हं परत आली.

परत करणारा होता टॉम कॉनर्स. लोक त्याला स्टॉम्पिन टॉम म्हणत, कारण गाताना तो डाव्या टाचेने असा काही ठेका आपटायचा की मंचाला भोकं पडू नयेत म्हणून पायाखाली प्लायवूडची फळी ठेवावी लागे. जन्म १९३६ चा. आई अल्पवयीन, बालपण रस्त्यावर, मग सरकारी ताब्यात, मग प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या एका कुटुंबात दत्तक. पोरवयातच तिथून पळाला आणि गिटार घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करत वर्षानुवर्षं देशभर हिंडला. टिमिन्स या खाणगावात बिअरला पाच सेंट कमी पडले, दारू देणाऱ्याने सांगितलं, दोन गाणी म्हण आणि पी. ती दोन गाणी वर्षभराहून जास्त चालली. त्याची गाणी म्हणजे देशाचं गॅझेटियर. बटाटे वाहून नेणारा ट्रकवाला, सडबरीच्या निकेल खाणीतल्या कामगारांची शनिवारची रात्र, टिल्सनबर्गचे तंबाखूचे मळे, आइस हॉकी. हे हॉकीचं गाणं आजही तिथल्या सामन्यांत वाजतं. समीक्षक नाक मुरडायचे. त्यांचं फार काही चुकत होतं असं नाही, चाली एकसारख्या आहेत. पण या माणसाने ज्या गावांची नावं गाण्यात घेतली, ती त्याआधी कुणी घेतली नव्हती.

त्याला सहा जुनो मिळाले होते. १९७८ चा समारंभ झाल्यावर त्याने ते सहाच्या सहा परत केले. तक्रार अशी की जे लोक अमेरिकेत राहतात, तिथेच पैसा मिळवतात आणि वर्षातून एकदा बक्षीस घ्यायला येतात, त्यांच्यासाठी हा पुरस्कार नाही. जे इथे राहून, इथल्या गावांत, इथल्या लोकांपुढे गातात त्यांच्यासाठी तो आहे. बाहेर गेलेल्यांना तो ‘सरहद्द ओलांडून उड्या मारणारे’ म्हणायचा. त्यानंतर तो जवळजवळ दहा वर्षं आपल्या शेतावर जाऊन बसला. ना कार्यक्रम, ना तबकडी. योगायोग पाहा, त्याच १९७८ साली अकादमीने आपलं ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केलं आणि त्यातली पहिली दोन नावं होती जॅझचे थोर पियानिस्ट ऑस्कर पीटरसन आणि बँडप्रमुख गाय लोम्बार्डो. लोम्बार्डो जन्माने ऑन्टेरिओचे, पण त्यांची सगळी कीर्ती न्यूयॉर्कची.

२०१५ मध्ये आपल्याकडे लेखकांनी पुरस्कार परत केले, ती चर्चा तुम्हाला आठवत असेल. ते सरकारच्या आणि समाजाच्या वागण्याविरुद्ध होतं. टॉमचं भांडण सरकारशी नव्हतं, ते आपल्याच धंद्यातल्या मंडळींशी होतं, म्हणून जास्त महागात पडणारं होतं. माझं मत विचाराल तर टॉमचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चूक. त्याचं ऐकलं असतं तर अमेरिकेत जाऊन गाजलेली जोनी मिचेल पुरस्कारांतून बाहेर जाते, तसाच गेलेला नील यंगही बाहेर जातो. ज्या देशात तबकडीवर नाव लपवावं लागत होतं तिथून तरुण माणूस गेला, याचा दोष त्या तरुणाचा कसा? १९८१ मध्ये जोनी मिचेलला ‘हॉल ऑफ फेम’चा मान द्यायला खुद्द पंतप्रधान पिएर ट्रुडो आले होते. टॉमला ते रुचलं नसणार. त्याने ती सहा चिन्हं शेवटपर्यंत परत घेतली नाहीत. २०१३ मध्ये तो वारला.

टॉमचा प्रश्न मिटला नाही, याचा पुरावा १९९२ मध्ये मिळाला. ब्रायन अ‍ॅडम्स हा किंग्स्टनमध्ये जन्मलेला गायक तेव्हा जगातल्या सर्वांत लोकप्रिय गायकांपैकी एक होता. त्याचं रॉबिन हूड चित्रपटातलं गाणं ब्रिटनमध्ये सलग सोळा आठवडे पहिलं होतं. पण कॅनडाच्या रेडिओवर ते कॅनडाचं गाणं म्हणून धरता येईना! कारण संगीत आणि शब्द दोन्हींत मट लँग हा परदेशी निर्माता भागीदार होता आणि मुद्रणही बरंचसं बाहेरचं. चारांतली एकच कसोटी उरली, गाणारा. अ‍ॅडम्स भडकला, वर्तमानपत्रांत रण माजलं. जुनोंच्या नामांकनांत मात्र तो होताच, कारण पुरस्कार माणसाचं नागरिकत्व बघतो आणि रेडिओचा नियम गाण्याचं. १९९३ मध्ये आयोगाला नियम बदलावा लागला. भागीदारीतलं निम्मं श्रेय कॅनडाच्या माणसाचं असलं तरी चालेल, असं ठरलं. अ‍ॅडम्सच्या आदळआपटीचा मला कंटाळा आहे, पण नियमातली चूक त्याच्यामुळे उघडी पडली.

आणि १९९३ च्याच समारंभात लेनर्ड कोहेनला ‘वर्षाचा गायक’ हा जुनो मिळाला. ज्यांनी त्याचा तो खर्जातला, जवळजवळ बोलण्यासारखा आवाज ऐकला आहे त्यांना गंमत कळेल. त्याने मंचावरच म्हटलं की असल्या आवाजाला गायनाचं बक्षीस फक्त याच देशात मिळू शकतं.    

आता क्वेबेक. जुनो राष्ट्रीय पुरस्कार म्हणवतात, पण फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकने १९७९ पासून स्वतःचा समारंभ मांडला आहे. त्याचं नाव फेलिक्स, कवी-गायक फेलिक्स लेक्लेर यांच्यावरून. १९९० मध्ये तिथे एक प्रसंग घडला. सेलीन डिऑन तेव्हा बावीस वर्षांची. शार्लमान नावाच्या गावातली, मोठ्या कुटुंबातली मुलगी, फ्रेंच गाण्यांनी क्वेबेकची लाडकी झालेली. त्या वर्षी तिचा ‘युनिसन’ हा पहिला इंग्रजी अल्बम आला. फेलिक्सच्या परीक्षकांनी तिला ‘वर्षातली इंग्रजीभाषक कलाकार’ हे बक्षीस जाहीर केलं. ती मंचावर आली आणि तिने ते नाकारलं. मी इंग्रजीत गायले म्हणून इंग्रजीभाषक होत नाही, क्वेबेकचीच राहते, हे तिचं म्हणणं. संयोजकांना पुढे त्या वर्गाची रचना बदलावी लागली. आणि दुसऱ्या वर्षी त्याच ‘युनिसन’ला जुनोंनी वर्षाचा उत्कृष्ट अल्बम म्हणून गौरवलं, ते तिने आनंदाने घेतलं. बेळगावात राहून कन्नड वृत्तपत्रात लिहिणाऱ्या मराठी माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

भाषेनंतर वर्ण. ज्याला आपण कृष्णवर्णीय संगीत म्हणतो, त्याला जुनोंनी जागा द्यायला पंधरा वर्षं घेतली. रिदम अँड ब्लूज आणि रेगे-कॅलिप्सो हे वर्ग आले १९८५ मध्ये. लिबर्टी सिल्व्हर या गायिकेने त्या वर्षी दोन्हींत बाजी मारली. रॅपचा वर्ग १९९१ ला. पण वर्ग असणं वेगळं आणि पडद्यावर दिसणं वेगळं. जुनोंचे बहुतेक पुरस्कार आदल्या रात्रीच्या मेजवानीत, मुख्य प्रक्षेपणाबाहेर वाटले जातात, आजही. देशाला दिसतात ते मोजके. १९९८ मध्ये समारंभ व्हँकूवरला होता आणि रॅपचं बक्षीस मिळालं त्याच शहरातल्या ‘रॅस्कल्झ’ या मुलांना. त्यांनी ते घेतलं नाही. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांसमोर, तुम्ही आम्हाला मागच्या दाराने पाकीट देता आहात, असा त्यांचा रोख होता, आणि त्याला त्यांनी वर्णभेद असं सरळ नाव दिलं. पुढच्या वर्षी रॅपचा पुरस्कार मुख्य कार्यक्रमात आला. ‘रॅस्कल्झ’नी साथीदारांसह ‘नॉर्दर्न टच’ त्याच मंचावर गाऊन दाखवलं आणि बक्षीसही घेतलं. टॉमची सहा चिन्हं परत आल्यावर अकादमीने काही केलं नव्हतं. या वेळी एका वर्षात हललं. रॅस्कल्झची मागणी साधी होती, अंमलात आणता येण्याजोगी होती. टॉम मागत होता ती माणसाच्या निष्ठेची परीक्षा, आणि ती कुठल्याही समितीला घेता येत नाही.

किंवा असं मला वाटत होतं, २०२५ पर्यंत.

बफी सेंट-मरी हे नाव साठच्या दशकातल्या लोकगायनात मोठं. क्री आदिवासी म्हणून तिची ओळख, सस्कॅचवनच्या पायपॉट वस्तीशी नातं, आदिवासींच्या प्रश्नांवर धारदार गाणी. जुनोंमध्ये आदिवासी संगीताचा स्वतंत्र वर्ग १९९४ मध्ये सुरू झाला, त्यामागे ज्यांनी खटपट केली त्यांत ती होती. १९९५ ला तिला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीसीने जन्मनोंदींच्या आधारे वृत्तांत प्रसिद्ध केला की तिचा जन्म अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये झाला आणि घराणं युरोपीय वंशाचं आहे. आपण ओळखीबाबत खोटं बोललो नाही, आणि पायपॉटमधल्या कुटुंबाने आपल्याला तिथल्या रीतीप्रमाणे दत्तक घेतलं, हे तिचं उत्तर. दत्तक घेणाऱ्या कुटुंबातली माणसं तिच्या बाजूने उभी राहिली. इतर आदिवासी कलावंतांना फसवणुकीचं दुःख झालं. २०२५ च्या आरंभी देशाचा ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान रद्द झाला आणि मार्चमध्ये अकादमीने तिचे सगळे जुनो आणि ‘हॉल ऑफ फेम’ काढून घेतले.

कारण काय दिलं हे बारकाईने बघण्यासारखं आहे. ती कॅनडाची नागरिक नाही, आणि नियमाप्रमाणे पुरस्कार नागरिकाला किंवा कायमच्या रहिवाशाला. वंशाचा प्रश्न कागदावर बाजूला ठेवून अकादमीने पासपोर्टचा प्रश्न घेतला. कायद्याच्या दृष्टीने ही शहाणी वाट आहे. पण मग तीस वर्षं पासपोर्ट कुणी का विचारला नाही? ज्या देशाने गाण्याची नागरिकता तपासायला चार अक्षरांचं वर्तुळ काढलं, त्याने गाणाऱ्याची कागदपत्रं बघितलीच नाहीत. मला या प्रकरणात कुणाची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. ज्या आदिवासी गायकांची जागा गेली त्यांचं दुःख खरं आहे, आणि पायपॉटच्या कुटुंबाचं आपली लेक कोण हे ठरवण्याचं म्हणणंही खरं आहे.

हे सगळं चालू असताना पायाखालची जमीन सरकते आहे. जुनोंचा सगळा डोलारा उभा राहिला तो रेडिओ सरकारच्या परवान्यावर चालतो म्हणून. आता मुलं रेडिओ ऐकत नाहीत. स्वीडनच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या कंपनीचं अ‍ॅप काय ऐकवायचं ते ठरवतं, तिथे तीस टक्क्यांचा नियम कुणाला लावणार? पुढे तो ३५ टक्के झाला, पण स्टेशनांपुरताच. एप्रिल २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने स्ट्रीमिंग कंपन्यांना आयोगाच्या कक्षेत आणणारा कायदा केला. जून २०२४ मध्ये आयोगाने सांगितलं की मोठ्या कंपन्यांनी तिथल्या उत्पन्नाचे पाच टक्के देशी निर्मितीसाठी द्यावेत. कंपन्या कोर्टात गेल्या.

आणि याच काळात जुनोंच्या मंचावर पंजाबी आली. २०२३ ला एडमंटनमध्ये एपी ढिल्लों गायले. २०२४ ला हॅलिफॅक्समध्ये करण औजला यांनी प्रेक्षकांच्या मतांचं बक्षीस जिंकलं आणि गायलेही. लुधियाना जिल्ह्यातला मुलगा, आईवडील लहानपणीच गेलेले, किशोरवयात ब्रिटिश कोलंबियात गेलेला. त्यांची गाणी मुंबई-दिल्लीत तिकिटं लावून ऐकली जातात. क्लीसचं ते वर्तुळ या गाण्यांना लावून बघा. शब्द लिहिणारा कॅनडाचा रहिवासी, संगीत टोरंटोच्या इक्कीचं, मुद्रण तिथलं, गाणारा तिथला. चारच्या चार अक्षरं ठळक! ब्रायन अ‍ॅडम्सच्या गाण्याला एक मिळालं होतं. टॉम कॉनर्सच्या कसोटीवर हे लोक उतरतील का, ते मला सांगता येणार नाही. त्यांचा बहुतेक श्रोता सरहद्दीपलीकडे आहे, फक्त ती सरहद्द अमेरिकेची नाही.

मार्च २०२५ मध्ये व्हँकूवरला समारंभ झाला. शेजारच्या राष्ट्राध्यक्षांनी कॅनडाला एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा चालवली होती, त्यामुळे सूत्रसंचालक मायकेल बुब्लेंनी सुरुवातीलाच देशाचा झेंडा उंच धरला. अ‍ॅन मरींना जीवनगौरव मिळाला. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच ‘दक्षिण आशियाई संगीत’ असा स्वतंत्र वर्ग आला. आपल्याकडे त्याची बातमी अभिमानाने छापली गेली. मला तिच्यात १९८५ आणि १९९१ दिसतात. वर्ग मिळाला, आता तो पडद्यावर दिसणार की आदल्या रात्रीच्या मेजवानीत उरकणार? माझा अंदाज असा आहे की दहा-पंधरा वर्षांत सरे किंवा ब्रॅम्प्टन या पंजाबी वस्तीच्या शहरांतला एखादा गायक हे चिन्ह हातात घेऊन म्हणेल, मला ‘दक्षिण आशियाई’मध्ये नको, ‘वर्षाच्या गाण्या’त घ्या, नाहीतर हे ठेवा तुमच्याकडे. अकादमीने त्या दिवसासाठी कपाटात आतापासून जागा करून ठेवावी. टॉमच्या सहांशेजारी.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि पहिला प्रश्न मराठी गाण्यांच्या टक्केवारीचा येणार हे समोरच्या रांगेतल्या चेहऱ्यांवरून दिसतंच आहे. विचारा.